पाचवं बोट

पियानोच्या भाषेत बोटांना आकडे असतात. अंगठा एक आणि करंगळी पाच. माझ्या उजव्या हाताचं पाचवं बोट मी चाळिशीला टेकलो होतो तेव्हा गेलं. गेलं म्हणजे तुटलं नाही, सुजलं नाही, दुखलंही नाही. ते फक्त पियानोवर ठेवलं की तळव्याकडे आत वळायचं, कुणीतरी दोरा बांधून ओढल्यासारखं. जेवताना ठीक, शर्टाची बटणं लावताना ठीक, सही करताना ठीक. पियानोसमोर बसलो की वाकायचं. त्यामुळे हा आजार आहे हे लोकांना पटवून देणं मला कधीच जमलं नाही.

मी लातूरचा. गंजगोलाईजवळ आमचं भुसार मालाचं दुकान होतं. आप्पा कपाळाला विभूती लावून सकाळीच गादीवर बसायचे, मोठा भाऊ शाळा सुटली की त्यांच्या शेजारी. मी धाकटा, म्हणून घरोघरी किराणा पोचवायचं काम माझ्याकडे. त्यातलं एक घर मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाईंचं होतं. त्या एकट्या राहायच्या आणि रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवायच्या. चर्चमधला जुना पियानो दुरुस्तीला काढला होता आणि तेवढ्यापुरता त्यांच्या बैठकीत आणून ठेवला होता. मी साखरेची पिशवी हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. बाई म्हणाल्या, "बैस की. हात धुऊन ये आधी."

घरी सगळ्यांना वाटायचं मी पेटी शिकतोय. आप्पांनी गिऱ्हाइकाला सांगितलेलं मी ऐकलंय, "धाकटा पेटी शिकून ऱ्हायला. भजनाला कामी येईल." पुढे मी पुण्याला गेलो, मग मुंबईला, आणि पेटी नाही हे त्यांना कळलं तेव्हाही ते काही बोलले नाहीत. बाईंनी मला स्वतःपेक्षा चांगल्या शिक्षकांच्या हवाली केलं आणि त्या शिक्षकांनी मला रंगमंचावर नेलं. मुंबई, पुणे, गोवा, बंगळूर. एकदा युरोपातल्या लहान गावांतून एक दौरा झाला. कुठेही माझं नाव फार मोठं झालं नाही, पण माझ्या वाजवण्यावर माझं घर चालत होतं आणि माझ्यासारख्याला याहून जास्त काही नको होतं.

बायको नांदेडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मी मुंबईत, ती नांदेडला, सुट्ट्यांत एकत्र. दोघांनाही वाटायचं की ही तात्पुरती सोय आहे.

बोट पहिल्यांदा वाकलं ते सरावात. मी त्याकडे दुर्लक्ष केलं. मग बंगळूरच्या एका कार्यक्रमात, एका संथ भागात, जिथे वरचा सूर करंगळीनं धरून ठेवायचा असतो आणि बाकीची बोटं खाली काम करत असतात, तिथं ती वळली. सूर लागलाच नाही. मी पुढच्या ओळीत चौथ्या बोटानं वाजवून वेळ मारून नेली. कार्यक्रमानंतर एक म्हातारे गृहस्थ भेटायला आले आणि त्याच जागेबद्दल म्हणाले, "तिथं तुम्ही जी शांतता ठेवलीत ना, ती फार आवडली." मी त्यांचे आभार मानले. हॉटेलवर येऊन हात उशीवर ठेवून बघत बसलो.

त्यानंतरची वर्षं दवाखान्यांत गेली. मेंदूच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं: हात चांगला आहे, बिघाड मेंदूत आहे. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते, आणि वर्षानुवर्षं तीच हालचाल करून माझ्या दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्या होत्या. म्हणजे ज्या सरावानं मी पियानिस्ट झालो, त्याच सरावानं हे झालं होतं. इंजेक्शनं झाली. व्यायाम झाले. मोठ्या भावानं लातूरहून तेलाची बाटली पाठवली आणि फोनवर सांगितलं, "रगडून लाव. लई गुण हाय त्याला." मी तेही लावलं. पियानोच्या पट्ट्या तेलकट झाल्या, बोट तसंच राहिलं.

एकेक कार्यक्रम रद्द करत गेलो. आधी मी फोन करून रद्द करायचो, नंतर फोन यायचेच बंद झाले. शेवटी बायको म्हणाली, "ये इकडे. नांदेडला तुला कुणी विचारणार नाही की तू आता कसा वाजवतोस."

तिनं हे धीर द्यायला म्हटलं होतं, आणि ते खरंही निघालं.

पियानो ट्रकमधून आला. दारातून जाईना, म्हणून खिडकीची जाळी काढावी लागली. समोरचे हार्डवेअरवाले शेट, गल्लीतली पोरं, भाजीवाली, सगळे बघायला जमले. शेट म्हणाले, "हे हार्मोनियम लईच मोठं हाय की सर." कुणीतरी विचारलं याला हवा कुठून भरतात. मी झाकण उघडून तारा दाखवल्या. सगळे अगदी मन लावून बघत होते. मला त्या दिवशी बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

मी क्लास काढला. पालक यायचे, खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "गॅदरिंगपर्यंत एखादं पिच्चरचं गाणं बसंल का?" सुट्टीत मुलं यायची, शाळा सुरू झाली की गळायची. सातवीनंतर तर कुणीच टिकत नसे, कारण आठवीपासून फाउंडेशनचे क्लास लागायचे. मी कुणाला दोष देत नाही. या भागात मूल डॉक्टर झालं तर घर वर येतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पियानोनं वर आलेलं घर कुणी पाहिलं होतं? माझंच बघायचं, तर मी बायकोच्या पगारावर राहत होतो.

उन्हाळ्यात पियानो सुकायचा. नांदेडचा एप्रिल-मे त्या लाकडाला सोसत नसे. मी खाली पाण्याच्या बादल्या ठेवायचो, ओली पोती टाकायचो. पावसाळ्यात उलट, पट्ट्या फुगून अडकायच्या. सूर लावायला मुंबईहून एक वयस्क गृहस्थ रेल्वेनं यायचे. ते थकले, त्यांच्या मुलानं दुसरा धंदा धरला. मग मी स्वतःच किल्ली मागवली आणि जमेल तसा सूर लावायला लागलो. जमेल तसा म्हणजे निम्मा.

अशातच ती मुलगी आली.

तिचे वडील मुदखेडला रेल्वेत सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. मुलगी नांदेडच्या शाळेत सातवीत. शाळा सुटल्यावर तिची गाडी यायला बराच वेळ असायचा आणि माझं घर स्टेशनच्या वाटेवर. वडील एका सकाळी ड्यूटीच्या कपड्यांतच आले. "सर, पोरीला टेशनावर एकटीला बसवून ठेवायचं म्हंजे जिवाला घोर. गाडीला टाइम हाय तवर तुमच्याकडं बसू द्या. काय शिकवायचं ते शिकवा."

म्हणजे तिला शिकण्याची आवड होती म्हणून ती आली नव्हती. गाडीला वेळ होता म्हणून आली होती. पहिल्या दिवशी दप्तर मांडीवर घेऊन बसून राहिली. मी एका दुसऱ्या मुलाला शिकवत होतो. तो गेल्यावर तिनं पियानोकडे बोट दाखवून विचारलं, "सर, ती एक पट्टी रुसल्यासारखी वाजते. तसंच असतं का?"

मीच लावलेला सूर होता तो. त्या मुलाला कळलं नव्हतं, त्याच्या आईला कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याची सवय होऊन गेली होती.

तिला शिकवणं म्हणजे काय होतं हे मला नीट सांगता येणार नाही. मी एक गोष्ट सांगायचो आणि दुसऱ्या दिवशी ती तिच्या हातात असायची. घरी सरावाला मी माझा जुना डिजिटल कीबोर्ड दिला होता. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये तो कॉटवर ठेवून ती जमिनीवर बसून वाजवायची, त्यामुळे तिची मनगटं खाली पडायची आणि मी ती रोज उचलून धरायचो. ती फारशी बोलत नसे. वाजवताना मात्र तिचा चेहरा असा व्हायचा, जणू कुणाशी भांडून ती आता जिंकायला आलीय.

नववीत असताना मी तिला ती रचना दिली, बंगळूरला माझं बोट जिथं वळलं होतं ती. आधी डावा हात मी वाजवायचो आणि उजवा ती. एकाच बाकावर आम्ही दोघं बसायचो. त्या दुपारी बायको कॉलेजातून आली आणि चपला न काढता दारातच थांबली. तो वरचा सूर आला. त्या मुलीच्या पाचव्या बोटानं तो धरला आणि शेवटपर्यंत धरून ठेवला. खाली माझा डावा हात चालत होता. संपल्यावर बायको आत गेली, तिनं तिघांसाठी चहा टाकला, आणि नंतर मला एवढंच म्हणाली, "मी तुला इतक्या वर्षांनी ऐकलं."

त्या वर्षी आम्ही पुण्याला एका स्पर्धेला गेलो. तिचे वडील सोबत आले. सभागृहात ते शेवटच्या रांगेत अंग चोरून बसले. तिला पहिलं बक्षीस मिळालं नाही, दुसरं मिळालं. पण परीक्षकांपैकी एक बाई दक्षिणेतल्या एका मोठ्या संगीतशाळेत शिकवत. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दहावी झाली की हिला आमच्याकडे पाठवा. राहणं, शिकणं, सगळं आम्ही बघू. उशीर करू नका, हाताचं वय निघून जातं." मी वडिलांना हे मराठीत सांगितलं. ते "हाव, हाव" म्हणत राहिले. परतीच्या गाडीत ती खिडकीशी झोपली होती आणि वडील तिच्या हातांकडे बघत होते. मला वाटलं, जमलं.

दहावीचा निकाल चांगला लागला. जरा जास्तच चांगला लागला. आठवड्याभरात कळलं की तिचा लातूरला प्रवेश घेतलाय, अकरावी-बारावी आणि सोबत मेडिकलसाठी नीटचा क्लास.

मी मुदखेडला गेलो. क्वार्टरमध्ये वडिलांनी खुर्ची दिली, स्वतः कॉटवर बसले. तिची आई आत होती, मुलगी मामाकडे गेलेली. मी सगळं सांगितलं. अशी बोटं वर्षानुवर्षं दिसत नाहीत, ही संधी पुन्हा येणार नाही, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, "सर, एक इचारू? राग मानू नका."

"विचारा ना."

"तुमचा हात गेला, तवा तुमच्याकडं दुसरं काय होतं?"

मी माझ्या करंगळीकडे पाहिलं.

"तुमच्या घरात मॅडमची नोकरी होती. माझ्या पोरीचा हात गेला तर तिनं कुठं जायचं? माझ्याकडं ही एवढी क्वार्टर, ती बी रिटायर झालो की सोडायची."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आतून चहा आला, तो आम्ही प्यालो, आणि ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले.

तरीही मी एक प्रयत्न केला. लातूरला मोठ्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी असते. तिथं मी बऱ्यापैकी डिजिटल पियानो नेऊन ठेवला. ठरलं असं की दर रविवारी दुपारी ती हॉस्टेलमधून तिथं यायची आणि मी नांदेडहून. सुरुवातीला ती आली. वहिनी तिला जेवू घालायची, "लई वाळलीस गं" म्हणायची. ती वाजवायची, पण मान सतत घड्याळाकडे. पुढे क्लासच्या परीक्षा रविवारी व्हायला लागल्या. मग परीक्षेची उत्तरं तपासणं रविवारी. मी मात्र जातच राहिलो. भाऊ वर येऊन म्हणायचा, "आज बी न्हाई आली का?" मी म्हणायचो, येईल. काही रविवार मी डाव्या हातानं एकटाच वाजवत बसलो. एका हातासाठी लिहिलेल्या रचनाही असतात. चांगल्या असतात. मला त्या कधी आवडल्या नाहीत.

एकदा तिचा फोन आला, हॉस्टेलच्या मावशींच्या मोबाइलवरून. "सर, तुम्ही येऊ नका आता. तुम्ही वाट बघता ते माझ्या डोक्यात राहतं आणि पेपरात चुका होतात."

मी जाणं बंद केलं.

पहिल्या वर्षी तिला पुरेसे गुण मिळाले नाहीत. तिनं रिपीट केलं. दुसऱ्या वर्षी आधीपेक्षाही कमी पडले. ही बातमी मला तिच्या वडिलांकडून नाही, तिच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाच्या आईकडून कळली.

त्याच सुमारास भावाच्या नव्या दुकानाच्या पूजेला मी लातूरला गेलो होतो. क्लासच्या रस्त्यावर एका रसवंतीसमोर ती दिसली. पाठीवर बॅग, चष्मा लागलेला, केस अगदी बारीक कापलेले. तिनंच मला आधी ओळखलं आणि वाकून नमस्कार केला. आम्ही बाकावर बसलो.

"आता काय करून राहिलीस?" मी विचारलं.

"फार्मसीला नंबर लागतोय सर. घेते तोच."

"भावाकडे पियानो आहे अजून. इथून जवळच. थोडा वेळ येतेस?"

ती ग्लासातल्या बर्फाकडे बघत राहिली. "नको सर." मग म्हणाली, "आधी बेंचवर माझी बोटं चालायची. शेजारची मुलगी वैतागायची, मॅडम पण बोलायच्या. मग मी हात मांडीखाली दाबून बसायला लागले. आता चालतच नाहीत."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. पेन धरून मधल्या बोटाला घट्टा पडला होता. मला म्हणायचं होतं की हात परत येतो, तुझं वय आहे, सहा महिने दे. हे मी शिक्षक म्हणून कितीतरी जणांना सांगितलंय. पण माझा स्वतःचा हात परत आला नव्हता, आणि ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी रसाचे पैसे द्यायला उठलो, तर तिनं आधीच दिले होते.

पुढच्या उन्हाळ्यात पियानोच्या आतला, तारांचा आवाज घुमवणारा मोठा लाकडी फळा तडकला. मी शेजारच्या खोलीत होतो आणि सुतारानं फळी मोडल्यासारखा आवाज आला. हैदराबादच्या एका माणसाला फोटो पाठवले. तो म्हणाला, दुरुस्ती होईल, पण पियानो तिकडे न्यावा लागेल आणि परत आणल्यावर तुमच्या हवेत पुन्हा तेच होईल. बायको म्हणाली, "नेऊ या का?" मी म्हटलं, कुणासाठी? तिनं पुन्हा विचारलं नाही. आता खालच्या पट्ट्या वाजल्या की एक बारीक खरखर येते. मुलांना ती कळत नाही.

मी सध्या एका इंग्रजी शाळेत आठवड्यातून तीन दिवस कीबोर्ड शिकवतो. घरी चार-पाच मुलं येतात. त्यांना मी नीट शिकवतो, मनगटं उचलून धरतो. त्यांच्यापैकी कुणीही थांबणार नाही हे मला माहीत असतं. कुणी थांबावं अशी इच्छाही आता पूर्वीसारखी होत नाही, आणि मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं.

मागच्या महिन्यात मुदखेडहून तिचे वडील आले. निवृत्त झालेत, केस पांढरे झालेत. मुलीचं लग्न ठरलं म्हणून पत्रिका द्यायला आले होते. मुलगा हैदराबादला औषधाच्या कंपनीत आहे, तीही तिथंच गोळ्या तपासण्याच्या विभागात लागलीय. मी अभिनंदन केलं. बायकोनं लाडू आणून ठेवला. त्यांनी तो हातातच धरून ठेवला.

"सर, लग्नात तुमी काहीतरी वाजवा. पाहुणे ऐकतील."

"तिची इच्छा आहे का?"

"न्हाई. तिला इचारलंच न्हाई. माझीच हाय."

मी हात पुढे करून दाखवला. म्हणालो, "माझ्यानं होत नाही आता." त्यांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला. त्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

मग ते म्हणाले, "तवा मी चुकलो का सर? खरं सांगा."

तिला नोकरी आहे, पगार आहे, चांगलं घर मिळतंय. त्या संगीतशाळेत गेली असती तर आज ती कुठं असती, हे मला सांगता येत नाही. कदाचित रंगमंचावर, कदाचित माझ्यासारखी एखाद्या गावात बादल्या भरत. त्यांना "हो" म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही चुकला नाहीत."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा तसा दिसला नाही. लाडू रुमालात बांधून ते उठले. दारात शाळेची एक मुलगी आईबरोबर उभी होती, गॅदरिंगचं गाणं बसवायला. मी त्यांना वाट करून दिली आणि तिला आत घेतलं.